फोल्डस्कोप : कागदी सूक्ष्मदर्शक लहान मुलांच्या हाती देण्याआधी

फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक. वस्तू १४० पट मोठी दाखवतो, वहीत ठेवता येतो, ओला झाला तर पुसला की झालं. डबक्यातलं पाणी, भिंतीवरचं मॉस, फुलातले परागकण यांतून मुलांना विज्ञान आणि गणित शिकवायचं असेल तर आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी याच्या तोडीचं साधन सहज मिळत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला भेट म्हणून घेत असाल तर मात्र ते पैसे आधी एका चांगल्या दहापटीच्या भिंगात घाला. कारण सरळ आहे. फोल्डस्कोपचं भिंग आणि समोरची वस्तू यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची जागा असते, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

हे उपकरण स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तयार केलं. प्रकाश हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी. २०१४ साली त्यावरचा शोधनिबंध आला. सुट्या भागांचा खर्च १ डॉलरच्या आत, हा त्यातला गाजलेला मुद्दा. तो आकडा डोक्यात ठेवून दुकानातल्या किटची किंमत पाहिली की लोक बिचकतात. पण तो फक्त भागांचा खर्च होता, डबी, काचपट्ट्या, चिमटा, दिवा आणि वाहतूक त्यात धरलेली नव्हती. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही शाळा-महाविद्यालयांसाठी फोल्डस्कोपचा कार्यक्रम राबवला होता. तेव्हा विकत घेण्याआधी जवळच्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या कपाटात एखादा संच पडून आहे का, हे विचारून बघा.

भिंगाचं गणित

यातलं भिंग म्हणजे काचेचा गोळा, व्यास साधारण २.४ मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. गोल भिंग जितकं लहान तितकं त्याचं नाभीय अंतर (दुरून आलेला प्रकाश भिंगातून जाऊन जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) कमी आणि मोठं दाखवण्याची ताकद जास्त. या गोळ्याचं नाभीय अंतर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास येतं. डोळ्यापासून २५० मिलिमीटरवर धरलेली वस्तू आपल्याला आरामात दिसते असं धरतात. २५० ला १.७५ ने भागलं की सुमारे १४३. वेष्टनावरचे १४० पट इथून येतात, आणि ते खरे आहेत. खेळण्यांच्या सूक्ष्मदर्शकांवर छापलेल्या १२०० पटीबद्दल हे म्हणता येत नाही. तिथे प्लास्टिकचं भिंग आणि डगमगता दांडा असतो, आणि चित्र नुसतं मोठं होतं, नवं काही दिसत नाही.

नाभीय अंतर गोळ्याच्या मध्यापासून मोजतात. त्यातून गोळ्याची १.२ मिलिमीटर त्रिज्या वजा केली की उरतात सुमारे ०.५५ मिलिमीटर. वस्तू तेवढ्याच अंतरावर हवी. नेहमीची काचपट्टी १ मिलिमीटर जाड असते, तिच्यावरची झाकणकाच म्हणजे कव्हर स्लिप ०.१७ मिलिमीटर. झाकणकाच भिंगाकडे असेल तर सगळं बसतं. काचपट्टी उलटी गेली तर भिंग आणि नमुना यांच्यात १ मिलिमीटर काच येते आणि कितीही सरकवलं तरी चित्र स्पष्ट होत नाही. ‘आमचा फोल्डस्कोप खराब निघाला’ अशी तक्रार आली की सर्वांत आधी हेच तपासावं. काचपट्टीच्या कोपऱ्यावर, नमुन्याच्या बाजूने, कायमच्या शाईच्या पेनाने एक ठिपका द्या आणि ‘ठिपका भिंगाकडे’ एवढंच मुलांना सांगा.

याच अर्ध्या मिलिमीटरमुळे अख्खी मुंगी, डासाची अळी, पूर्ण पान यांत बसत नाही. मुंगीचा पाय बसतो, माशीचा पंख बसतो. लहान मुलाला बघायची असते अख्खी मुंगी. तिथे दहापटीचं भिंग जिंकतं, कारण त्याचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर असतं आणि चालती मुंगीसुद्धा नजरेत ठेवता येते.

भिंग घेताना एक फसवणूक ओळखा. २१ मिलिमीटर व्यासाच्या घडीच्या भिंगांवर सर्रास ३० पट छापलेलं असतं. घरी आणून पट्टीने मोजा: भिंग डोळ्याशी धरून छापील अक्षर स्पष्ट दिसेपर्यंत कागद जवळ आणायचा आणि कागद व भिंग यांतलं अंतर मोजायचं. २५ मिलिमीटर आलं तर ते दहापटीचं आहे. खऱ्या ३० पटीला ते ८ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. दहापटीचंच निघेल बहुतेक, आणि मुलांसाठी तेच हवं. ही मोजणी तिसरी-चौथीच्या मुलांकडूनच करून घ्यावी.

जोडणी

सुटे भाग छापील कागदावर असतात आणि टिकलीसारख्या छिद्रांच्या रेषांवरून सोडवायचे असतात. कागद न फाटणारा कृत्रिम प्रकारचा आहे, पण घाईने ओढला तर छिद्रांच्या रेषा सोडून आडवा निघतो. आधी रेषेवर पुढे-मागे घडी घालायची, मग हलक्या हाताने सोडवायचं. प्रत्येक घडी नखाने दाबून पक्की करायची. घडी फुगीर राहिली की नमुना आणि भिंग समांतर राहत नाहीत, मग चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर दिसते. भिंगाला बोट लावायचं नाही. लागलंच तर मऊ सुती कापडाचा कोपरा किंचित ओला करून पुसायचं.

पहिल्यांदा जोडताना मोठ्या माणसाचाही अर्धा तास जातो. दहा वर्षांची मुलं चित्रं पाहून जोडतात. सहा वर्षांच्या मुलाला जोडायला बसवणं म्हणजे दोघांचीही चिडचिड. त्याच्याकडून त्याच वेळात पाण्याच्या थेंबाचं भिंग करून घ्या: वर्तमानपत्रावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून ड्रॉपरने एक थेंब सोडायचा, खालचं अक्षर मोठं दिसतं. मग अर्धा थेंब. लहान, फुगीर थेंब जास्त मोठं दाखवतो, पसरलेला चपटा थेंब कमी. फोल्डस्कोपच्या गोळ्यामागचं तत्त्व एवढंच आहे आणि ते कागदाच्या एकाही घडीविना कळतं.

काय बघायचं आणि ते का बिघडतं

सुरुवात कांद्यापासून करतात, पण पांढऱ्या कांद्यापासून करू नका. लाल कांद्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूची जांभळी पातळ साल घ्या; पेशींत रंग आधीच असतो, वेगळा लावावा लागत नाही. पांढराच असेल तर आतल्या बाजूचा पापुद्रा घेऊन बीटाडीनचा १ थेंब ४-५ थेंब पाण्यात मिसळून लावा. सालीचा ५ मिलिमीटरचा तुकडा पुरे. मोठा घेतला की सुरकुततो आणि एकावर एक थर येऊन सगळं काळपट दिसतं.

पावसाळ्यात याहून सोपा नमुना भिंतीवरच असतो. मॉसचं एक पान चिमट्याने खुडून पाण्याच्या थेंबात ठेवायचं. बहुतेक मॉसचं पान एकाच पेशीइतकं जाड असतं, त्यामुळे कापाकापी न करता पेशींची जाळी आणि आतले हिरवे कण दिसतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानातही तसंच, आणि तिथे मधल्या शिरेजवळ हे कण हळूहळू सरकताना दिसतात. दिसले नाहीत तर पान १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवून पुन्हा बघा. घाई करणाऱ्या मुलाला हे दिसत नाही. एका जागी दोन मिनिटं बघायला लागतं.

पानांची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रं, बघायला पान कापायची गरज नाही. मनी प्लांटसारख्या गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, १५ मिनिटं वाळू द्यायचं, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून सोलायची आणि तीच काचपट्टीवर चिकटवायची. पेरूसारखं खालून लवदार पान घेतलं तर ठशात केसच केस येतात. चिकटपट्टी चकचकीत, आरपार दिसणारी हवी. दुधाळ पट्टी प्रकाश विखुरते आणि सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. नंतर पानाच्या वरच्या बाजूचा ठसा घेऊन दोन्हीकडची रंध्रं मोजायला सांगा. वरच्या बाजूला फारच कमी किंवा एकही रंध्र सापडलं नाही तर प्रश्न मुलंच विचारतात.

परागकणांसाठी जास्वंद. ०.१ मिलिमीटरपेक्षा मोठे, काटेरी गोळे. पाणी नको, पुंकेसर चिकटपट्टीवर टेकवलं की झालं. शेजारी झेंडूचे घ्या. तेही काटेरी, पण आकाराने त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढे. दोन्ही एकाच पट्टीवर लावले तर ‘किती पट’ हा प्रश्न फळ्यावर लिहावाच लागत नाही. मिठाचे दाणे दाखवायचे तर बारीक मीठ कोरडंच घ्या, घनाच्या कडा दिसतात. पावसाळी हवेत मीठ पाणी सुटून गोल होतं, म्हणून हा प्रयोग हिवाळ्यात करावा.

डबक्याचं पाणी हा खरा आनंद, आणि सर्वांत जास्त फजितीही तिथेच. नुसता तळ्यातून थेंब उचलला तर अनेकदा काहीच दिसत नाही. मूठभर वाळलेलं गवत अर्धा लिटर तळ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात घालून रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते टाळा. झाकण सैल, ऊन नको. चार ते सात दिवसांत पृष्ठभागावर साय येते. तिच्या लगतचं पाणी ड्रॉपरने घ्यायचं. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर वास येतो आणि घरातून विरोध होतो.

ड्रॉपरचा पूर्ण थेंब झाकणकाचेला जास्त होतो, काच तरंगते. अर्धा थेंब सोडा, झाकणकाच एका कडेने टेकवून तिरपी सोडत आणा, कडेचं जादा पाणी टिशूने टिपा. सपाट आपटली की हवेचे बुडबुडे अडकतात. गडद काळी कड आणि आत स्वच्छ गोल दिसला की तो बुडबुडा. मुलं त्याला हमखास ‘जीव’ म्हणतात. फोल्डस्कोप उभा धरतात, त्यामुळे झाकणकाच घसरते. दोन समोरासमोरच्या कडांना चिकटपट्टीची बारीक पट्टी लावा. जीव फार पळत असतील तर झाकणकाच ठेवण्याआधी थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू टाका, ते त्यांच्यामध्ये अडकून रेंगाळतात. नमुना दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, हे धरूनच मुलांच्या पाळ्या लावा.

दह्यातले जंतू दाखवण्याचं वचन कुणाला देऊ नका. हे उपकरण साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा दाखवतं. दह्यातले जीवाणू एक मायक्रॉनहूनही बारीक रुंदीचे. दिसतात ते स्निग्धाचे गोळे, आणि ते जंतू म्हणून खपवले जातात. यीस्टच्या पेशी ठिपक्यांसारख्या दिसतात, तेवढ्यावर समाधान मानावं.

मापन, म्हणजे यातलं गणित

किटचा उपयोग बहुतेक ठिकाणी ‘वा, किती छान’ इथे थांबतो. ‘हे खरं केवढं आहे?’ हा प्रश्न जोडला तर याची किंमत वसूल होते. पारदर्शक फिल्मवर १ मिलिमीटर अंतराच्या बारीक रेषा लेझर प्रिंटरवर छापून घ्या, तिचा तुकडा काचपट्टीवर छपाईची बाजू भिंगाकडे करून चिकटवा. शाळेची प्लास्टिकची पट्टी यासाठी जाड पडते. आधी रेषा बघायच्या, मग त्यावर डोक्याचा एक केस आडवा ठेवून बघायचं. एका मिलिमीटरात असे किती केस शेजारी-शेजारी मावतील याचा अंदाज मुलांनी करायचा. दहा ते वीस हे उत्तर बरोबर धरा, कारण केसांची जाडी माणसागणिक बदलते. त्यानंतर कांद्याची साल त्याच रेषांवर. लांबीच्या दिशेने एका मिलिमीटरात तीन-चार पेशी येतात.

पहिली-दुसरीच्या मुलांना १४० पट हा आकडा सांगून उपयोग नाही. ०.३ मिलिमीटरचा मिठाचा दाणा भिंगातून सव्वाचार सेंटिमीटरचा भासतो, तेव्हा तेवढा चौकोन कागदावर काढून त्याच्या मध्ये मिठाचा खरा दाणा ठेवायला लावा. ‘लांबी दुप्पट केली तर चौकटी चौपट होतात’ हे चौकटीच्या वहीवर आधी करून घेतलं असेल तर मोठी मुलं १४० गुणिले १४० करून १९,६०० वर स्वतः पोचतात.

चौथी-पाचवीसाठी वेग. रेषांच्या फिल्मवरच गवताच्या पाण्याचा थेंब ठेवून मोबाईलवर चित्रण करायचं. पॅरामेशियम हा त्यातला एकपेशीय जीव सेकंदाला १ मिलिमीटरच्या आसपास पोहतो. चित्रण सेकंदाला ३० चित्रांचं असेल आणि एका रेषेपासून दुसरीपर्यंत ३० चित्रं लागली तर वेग तेवढाच. १५ लागली तर दुप्पट. या वेळी कापसाचे तंतू घालू नका, नाहीतर अडथळ्यांच्या शर्यतीचा वेग मोजाल.

मोबाईल लावताना

किटमध्ये लोहचुंबकाची कडी असते, ती मोबाईलच्या कॅमेऱ्याभोवती चिकटवायची. दोन-तीन कॅमेऱ्यांच्या मोबाईलमध्ये ‘१ पट’ असलेला मुख्य कॅमेरा कोणता ते एकेकावर बोट ठेवून आधी शोधा. काही मोबाईल जवळची वस्तू दिसताच आपोआप मॅक्रो कॅमेऱ्यावर जातात आणि पडदा काळा होतो. सेटिंगमध्ये ते बंद करा. जाड कव्हर काढा. फोटोला ३ सेकंदांचा टायमर लावला तर बोट टेकवल्याचा हादरा येत नाही. कडा धूसरच राहतील, गोल भिंगाचा तो स्वभाव आहे. मधला भागच वाचायचा.

पाच ते सात वर्षांच्या मुलांना फोल्डस्कोप दाखवायचा तो असाच, पडद्यावर. या वयाच्या अनेक मुलांना एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवणं जमत नाही, डोळा भिंगाला हवा तितका जवळ जात नाही, आणि हात स्थिर राहत नाहीत. तरीही शिकवणाऱ्या ताईंना बरं वाटावं म्हणून मूल ‘दिसलं’ म्हणतं. खात्री करायची असेल तर ‘काय दिसलं’ विचारू नका, चित्र काढायला सांगा. पापणीचे केस काढून आणणारी मुलं कमी नसतात. डोळ्याने बघायचंच असेल तर दुसरा डोळा मिटायच्या ऐवजी तळव्याने झाकायचा.

तीन गोष्टींवर कडक राहा. सूर्याकडे रोखून कधीही बघायचं नाही. उजळ आकाश, पांढरी भिंत किंवा किटमधला दिवा पुरतो. त्या दिव्याचे बटण सेल आणि कडीचे लोहचुंबक लहानग्यांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. बटण सेल गिळला किंवा एकाहून जास्त चुंबक पोटात गेले तर क्षणाचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं लागतं. आणि आठ वर्षांखालच्या गटात काचेच्या पट्ट्या नकोत, मध्ये भोक असलेली कागदी पट्टी आणि चिकटपट्टी वापरा. पाण्याचे नमुने तेवढे मोठ्यांनी काचेवर करून द्यावेत.

किती घ्यायचे? घरासाठी दिवा आणि चिमटा असलेला पूर्ण संच एकच. ४० मुलांच्या वर्गाला साधे दहा फोल्डस्कोप, चार मुलांत एक, आणि त्याखेरीज प्रत्येक दोन मुलांत एक दहापटीचं भिंग. मैदानात किंवा बांधावर फक्त भिंगं न्यायची. फोल्डस्कोप बाहेर काढले की झाकणकाचा गवतात हरवतात. नमुने झिपच्या पिशव्यांत, जागा आणि तारीख लिहून वर्गात आणायचे. एका तासाला एकच नमुना ठेवा. तीन ठेवले तर सगळा वेळ काचपट्ट्या बदलण्यात जातो. काम संपल्यावर बरणीतलं पाणी झाडांना घाला, हात साबणाने धुवा, आणि फोल्डस्कोप पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवा. कागदाला काही होत नाही, पण ओलसर डबीत चुंबक आणि दिव्याचे पत्रे गंजतात.